शेवटचा बाक

आज चर्चमध्ये उपासनेला माझ्याच बाकावर एक जण येऊन बसला. तोंडाला दारूचा वास. मी सरकून बसले. बायबलचं वाचन नेमकं लूकच्या शुभवर्तमानातल्या 18 व्या अध्यायाचं निघालं: आठवड्यातून दोनदा उपास करणारा, दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देणारा, स्वतःला नीतिमान समजणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आणि स्वतःला पापी म्हणत ऊर बडवणारा जकातदार. माझे कान तापले.

सर्वांनी पाप केलं आहे, हे बायबलमधलं वचन (रोमकरांस 3:23) लहानपणापासून पाठ. पण म्हणून सगळी पापं सारखी, हे मला पटत नाही. बायकोला मारणारा आणि रागात बोलून जाणारा एकच कसे? लूक 12 मध्ये येशूनेही धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्या दासाला जास्त फटके सांगितलेत. आणि ठाऊक तर मलाच होतं ना!

प्रार्थनेत तो रडत होता. मी परत जवळ सरकले, गीतांचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं.