पलंगापासून दोन पावलं मागे

बाळंतपणातले आणीबाणीचे प्रसंग व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाच्या हेडसेटवर शिकवण्यासाठी मी अनुदान मागितलं होतं. पहिल्या प्रस्तावावर परीक्षकांचा शेरा एका ओळीचा होता: "उपकरणांची यादी सविस्तर आहे, विद्यार्थिनी नेमकं काय शिकणार, ते कळलं नाही." पहिल्यांदा वाचला तेव्हा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचला तेव्हा पटलं. बारा हेडसेट, मोठा स्क्रीन, सॉफ्टवेअरचं लायसन्स, चार्जिंगचं कपाट, सगळं मी अकरा पानांत मांडलं होतं. मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपण करण्याचं शास्त्र, शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली, आणि त्या अकरा पानांत एकही बाळंतीण नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी वॉर्डातला एक प्रसंग लिहून काढला. वार पडून दहाएक मिनिटं झाली होती, बाळ आईच्या छातीवर होतं आणि चादरीवरचा रक्ताचा डाग पसरत चालला होता. तो सगळ्यात आधी माझ्या विद्यार्थिनीला दिसला. ती काही बोलणार तोवर सिनियर सिस्टरचं लक्ष गेलं, चार जणी धावून आल्या आणि कुणीतरी तिला हातानं बाजूला केलं. यात कुणाची चूक नाही; आईचा जीव आधी. पण पुढची वीस मिनिटं ती मुलगी पलंगापासून दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभी होती. पोस्टिंगच्या वहीत तिनं 'पीपीएच पाहिला', म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव पाहिला, अशी नोंद केली. नोंद खरीच होती, पण करायला तिला काहीच मिळालं नव्हतं. हा प्रसंग मी पहिल्या पानावर ठेवला.

जगभरात बाळंतपणातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हेच आहे, आणि घात होतो तो बहुतेकदा उशिरा लक्षात येण्यामुळे. नुसत्या डोळ्यांनी पाहून रक्ताचा अंदाज अनेकदा कमीच येतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतला ई-मोटिव्ह अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजलं आणि सगळे उपचार एका दमात सुरू केले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यानं होणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. म्हणजे ओळखणं आणि लगेच हालचाल करणं, एवढं शिकवता आलं तर जीव वाचतात.

व्हीआर यातलं काय शिकवू शकतं, हे मी फार जपून लिहिलं. अमेरिकेतल्या 2014 च्या राष्ट्रीय सिम्युलेशन (खऱ्यासारख्या प्रसंगावर सराव) अभ्यासात 10 नर्सिंग कार्यक्रम होते, आणि क्लिनिकल तासांपैकी निम्मे तास चांगल्या सिम्युलेशननं भरले तरी विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही. पण तो अभ्यास हेडसेटचा नव्हता, आणि तसं मी स्पष्ट लिहिलं. गर्भाशय चोळताना हाताला लागणारा कडकपणा हेडसेटचा हातातला कंट्रोलर देत नाही. म्हणून हाताचं कौशल्य मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, आणि ओळखणं, निर्णय घेणं, हाक मारणं हेडसेटमध्ये, अशी विभागणी केली. परीक्षकांना हाच भाग सर्वांत विश्वासार्ह वाटला, असं नंतर कळलं.

निधी कुठे शोधायचा, यात माझे चार महिने वाया गेले. मी 'व्हीआर' हा शब्द टाकून शोधत होते आणि समोर येत होत्या त्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठीच्या योजना. 'मातृसुरक्षा', 'रुग्णसुरक्षा', 'आरोग्य शिक्षणातील नवोपक्रम' असे शब्द टाकायला लागल्यावर दारं दिसू लागली. विद्यापीठांचे अंतर्गत छोटे निधी असतात. इनॅक्सलसारख्या सिम्युलेशन संघटना संशोधनासाठी लहान अनुदानं देतात. लेर्डाल फाउंडेशनसारख्या संस्था आकस्मिक उपचार आणि माता-बालकांच्या सुरक्षेकडे पाहतात. प्रत्येकाची भाषा वेगळी. काहींना फक्त संशोधन हवं असतं, काही उपकरणांना एक पैसाही देत नाहीत. प्रस्ताव मागवणारी सूचना शेवटपर्यंत वाचा, आणि 'अपात्र खर्च' हा परिच्छेद सगळ्यात आधी.

मोठी रक्कम मागण्याआधी छोटा पायलट, म्हणजे चाचणीचा प्रयोग, करा, हे मी आग्रहानं सांगेन. आम्ही दुसऱ्या विभागाकडून दोन हेडसेट आठवड्यापुरते मागून आणले. वापरायला किती सोपं ते मोजणाऱ्या सिस्टिम युजेबिलिटी स्केलचे 10 प्रश्न आणि सिम्युलेटर सिकनेसची, म्हणजे आभासी दृश्यानं होणाऱ्या त्रासाची, 16 लक्षणांची प्रश्नावली, दोन्ही भरून घेतल्या. एकीला चक्कर येऊन मळमळलं, म्हणून स्क्रीनवरून तोच प्रसंग करण्याची सोय प्रस्तावात आली. आणखी एक मुलगी हेडसेट घालून रक्ताकडे बघत नुसती उभी राहिली. डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे प्रसंगानंतरच्या चर्चेत, म्हणाली, "मॅडम, काय करायचं ते सगळं पाठ होतं. मोठ्यानं हाक मारायची, हेच सुचलं नाही." तिची परवानगी घेऊन ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. मूल्यमापनाचं पहिलं मोजमाप त्यातूनच ठरलं.

बजेटमध्ये हेडसेट हा सोपा आकडा. लायसन्स दरवर्षी भरावं लागतं, वाय-फाय सुधारावं लागतं, चेहऱ्याच्या गाद्या दर विद्यार्थिनीनंतर पुसाव्या आणि अधूनमधून बदलाव्या लागतात. उपकरणही लवकर म्हातारं होतं: 2019 मध्ये आलेल्या पहिल्या क्वेस्ट हेडसेटचे सुरक्षा अपडेट 2024 मध्ये थांबले. अनुदान संपल्यावर हा खर्च कोण उचलणार, यासाठी प्राचार्यांचं सहीचं पत्र जोडा. आणि शिक्षकांचे तास लिहायला लाजू नका. पंधरा मिनिटांच्या प्रसंगानंतर अर्धा तास शांतपणे बोलायला माणूस लागतं. शिकणं बरंचसं तिथेच होतं.

दुसरा प्रस्ताव मंजूर झाला, पण रक्कम कमी करून. काय कापायचं, ते त्यांनी आमच्यावर सोडलं. मी डीब्रीफिंगचे तास तसेच ठेवले आणि बारा हेडसेटचे सहा केले. आता सहा जणी हेडसेट घालतात आणि सहा जणी स्क्रीनसमोर घड्याळ घेऊन बसतात, रक्त दिसल्यापासून पहिली हाक येईपर्यंतचे सेकंद मोजत. मग अदलाबदल.