पुलाच्या बुरुजात काय आहे? कागद मिळवतानाचा माझा अनुभव

आमच्या नदीवरच्या जुन्या दगडी पुलाच्या दोन्ही टोकांना बुरूज आहेत. आत काय, यावर गावात तीन मतं: गुप्तधन, भुयार, नाहीतर नुसता भरीव दगड. कोणी रात्री सब्बल लावण्याआधी नकाशा हाती यावा, यासाठी माझी धडपड होती. "भरीवच असते" असं जाणकारही ठामपणे सांगतात. पण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा क्लिफ्टन झुलता पूल 1864 मध्ये खुला झाला आणि त्याच्या एका बुरुजाखालच्या, भरीव समजल्या जाणाऱ्या पायात 12 कमानदार दालनं आहेत, हे 2002 मध्ये कळलं. काही दालनं तर 11 मीटर उंच. म्हणून अंदाज नको, कागदच हवा.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज सोपा: जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि पोच घ्यायचीच. पहिल्या अर्जात मी विचारलं, "बुरुजाच्या आत काय आहे?" उत्तर आलं, "सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही." प्रश्न विचारला की असंच होतं. कायदा कार्यालयाला असलेला कागद द्यायला लावतो, उत्तर तयार करायला नाही. म्हणून दुसऱ्या अर्जात कागदांची नावं लिहिली: पूल नोंदवहीतलं पान, उभा छेद (बुरूज उभा कापल्यासारखा आतून दाखवणारं चित्र), पायाचा नकाशा, दुरुस्तीच्या मापन पुस्तिका (कामाची मापं लिहिलेल्या वह्या), तपासणी अहवाल.

आणि इथेच गाडी रुतली. कार्यालयाचं उत्तर आलं, "नवीन पूल झाल्यापासून जुना पूल आमच्या ताब्यात नाही." मग कोणाच्या? ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. टेबलं बदलत राहिली, माझी फाइल तिथल्या तिथे. संताप येतो, कारण अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम 6(3) प्रमाणे 5 दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचंच काम आहे. अर्जदाराने दारोदार फिरायचं नसतं. शेवटी प्रथम अपील केलं. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. अपिलात एकच मागणी धरली: पूल सोपवला असेल तर हस्तांतरणाचं पत्र दाखवा. पत्र निघालं नाही. मग अभिलेख कक्षात बसून कागद पाहण्याचा आदेश झाला. पाहणीचा पहिला तास फुकट असतो.



लाल बस्त्यात कापडी ट्रेसिंग (कापडावर उतरवलेला नकाशा) सापडलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. छेद मात्र स्वच्छ. बाहेर घडीव काळा पाषाण, त्यामागे चुन्यातली ओबडधोबड दगडांची भरती. रस्त्याच्या पातळीच्या वर बुरूज पोकळ, जेमतेम माणूस उभा राहील एवढा. खाली मुरूम आणि दगड ठासलेले, तळाशी पाणी निघायला एक तोंड. भुयार नाही, तिजोरी नाही.

माझ्या लेखी खरा ऐवज ते तोंड आहे. ते आज मातीने बुजलंय. पावसाळ्यानंतर बुरुजाच्या पोटावर पांढरे ओघळ दिसतात, तो आतून विरघळून आलेला चुना. मुरमात साचलेलं पाणी दर्शनी दगडांना आतून रेटतं, चुना धुपला की दगडांची पकड सुटते आणि भिंतीला फुगवटा येतो. अशा सांध्यांत सिमेंट भरू नये. ओल आतच अडकते आणि सांध्याऐवजी दगडाची कड फुटते. चुन्याचीच दर्जभरणी, म्हणजे सांधे भरणं, हवी. पिंपळाचं रोप नुसतं छाटू नका, मुळासकट काढा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर रीतसर परवानगी घ्या आणि तोंड मोकळं झाल्यावर त्यातून मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा सरकवा. आत उतरू नका. बंद पोकळीत प्राणवायू कमी असू शकतो, साप असतात. कमानीखालचं आग्या मोहोळही आधी बघून घ्या.

छेदाची प्रमाणित प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली आहे. तोंड मोकळं करण्याचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला, त्याच छेदाची प्रत जोडून.