खोडलेला १९८

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल हातात आला तेव्हा मी आधी फॉर्मवरचा क्रमांक पडताळून पाहिला. दोन सहभागींचे कागद अदलाबदल झाले असावेत असंच वाटलं. फॉर्मवर बीपी १५४/९०, आणि इकोमध्ये हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १४ मिलिमीटर. दहा-अकराच्या पुढे गेली की आपण तिला जाड म्हणतो. क्रमांक बरोबर होता.

अभ्यास सौम्य उच्च रक्तदाबाचा. वरचा आकडा १४० ते १५९ असलेल्यांनाच त्यात घ्यायचं. हे गृहस्थ ६७ वर्षांचे, सगळ्या अटींत बसलेले. पण बाकीचे कागद वेगळंच सांगत होते. ईसीजीत छातीवरच्या व्ही१ आणि व्ही५ या जागांच्या आलेखांतल्या एस आणि आर लाटांच्या उंचीची बेरीज ४१ मिलिमीटर (३५ च्या पुढे आपण ती जास्त धरतो). लघवीत एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे १६० मिलिग्रॅम अल्ब्युमिन, हे एक प्रथिन. ३० च्या आत हवं. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोत कडक झालेली धमनी जिथे शिरेवरून जाते तिथे शीर चिमटल्यासारखी दिसत होती.

सौम्य बीपीत यातलं एखादं दिसू शकतं, विशेषतः जुनं असेल तर. तिन्ही अवयव एकदम आणि इतके बोलायला लागले की दुसरी कारणं शोधावी लागतात. महाधमनीची झडप अरुंद असेल तरी भिंत जाड होते, पण इकोत झडप नीट उघडत होती. मधुमेह असेल तर लघवीत अल्ब्युमिन जातं, पण साखर सरळ होती. भिंत जाड होते ती उगाच नाही. कप्प्याच्या भिंतीवरचा ताण म्हणजे आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. दाब वाढला की ताण आवाक्यात ठेवायला स्नायू जाडी वाढवतो. म्हणजे १४ मिलिमीटरच्या मागे दाब होता. तो आमच्या फॉर्मवर नव्हता, एवढंच.

मग फॉर्म नीट वाचला. तीन भेटी, प्रत्येकीत तीन मोजण्या, नऊही १५० ते १५६ मध्ये. पहिल्या भेटीत त्यांच्या वर मात्र एक खोडलेली ओळ होती: १९८/९६. बाजूला शेरा, ‘मशीन पुन्हा पुन्हा हवा भरते, आकडा बाद. स्टेथोस्कोपने घेतलं.’

इथे पहिल्यांदा शंका आली. मशीन साधारण १८० पर्यंत हवा भरतं आणि दंडावरच्या पट्ट्यातली थरथर पाहतं. तेवढ्या दाबानेही नाडी दबली नसेल तर ते थांबून आणखी वर भरतं. बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं. अनियमित ठोके किंवा हलणारा हात असला तरी असंच होतं, त्यामुळे मशीनवर अविश्वास ठेवायची सवय लागलेली असते आणि ती अगदीच चुकीचीही नाही.

सिस्टरांना विचारलं, “हवा कितीपर्यंत भरता?”

“यांना १७० पर्यंत, मॅडम. चिठ्ठीवर आधीचं बीपी १५० होतं, त्यात वीस घातले. जास्त भरलं की काकांचा हात दुखतो.”

काकांना पुन्हा बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला आधारावर, पाच मिनिटं बोलणं बंद. दंडाचा घेर ३१ सेंटिमीटर. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के लागते, ती होती. पिशवी अपुरी असती तर आकडा वर गेला असता, आणि आमचा संशय उलट्या दिशेचा होता. तरी मोजून घेतलं.

स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवला. बोटं मनगटाच्या नाडीवर, दुसऱ्या हाताने बल्ब. १७० ला नाडी ठणठणीत लागत होती. १८०, १९०, तरी लागत होती. २०४ ला गेली.

सगळी हवा सोडली, मिनिटभर थांबले. मग स्टेथोस्कोप लावून २०४ च्या वर ३०, म्हणजे २३४ पर्यंत झपकन भरलं आणि सेकंदाला पाऱ्याचे २ मिलिमीटर या वेगाने सोडत गेले. २०२ ला पहिला टक्, म्हणजे वरचा आकडा. स्पष्ट, नियमित. मग आवाज मऊ होत गेले आणि १८४ ला बंद पडले. पंधरा सेकंद कानात काहीच नाही. सिस्टरांची बोटं मनगटावर होती; त्यांनी मान हलवून खूण केली, नाडी चालू आहे. १५४ ला आवाज परत आले, ९० ला संपले.

आवाजांच्या मधल्या या खंडाला आम्ही ‘गॅप’च म्हणतो. १७० वरून ऐकायला सुरुवात केली की तुम्ही नेमके या शांततेत उतरता, आणि १५४ चा परतलेला आवाज पहिला समजून लिहून टाकता. सिस्टरांच्या कानात दोष नव्हता. १७० मध्ये होता. आणि ते १७० आलं होतं चिठ्ठीतल्या १५० वरून, म्हणजे बहुधा आधीच्या कुणीतरीही असंच बेतानं भरलेलं. प्रत्येकाने आधीच्या आकड्यावर भरवसा ठेवून आपला आकडा मिळवला होता, म्हणून नऊ मोजण्या इतक्या छान जुळल्या.

गॅप सापडते ती बहुतेक ताठर धमन्यांत. मानेच्या धमन्यांत थर साचलेल्यांतही ती जास्त दिसते. हळूहळू हवा भरली तर हातात रक्त तुंबून ती रुंदावते. म्हणून एक युक्ती केली: हात अर्धा मिनिट डोक्यावर उंच धरायला लावला, तसाच पट्टा फुगवला, मग हात खाली आणून ऐकलं. मधले आवाज क्षीण, पण ऐकू आले. गंमत अशी की इटलीचे डॉक्टर रिवा-रोची यांची १८९६ ची बीपी मोजण्याची पद्धत नाडी चाचपण्याचीच होती. १९०५ मध्ये रशियाचे डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोप आणला, आणि घाईत आपण चाचपणं सोडून दिलं.

१५४ आणि २०२ यांत ४८ चा फरक आहे. २००२ साली ६१ अभ्यासांतल्या दहा लाख माणसांची माहिती एकत्र मांडली गेली, तेव्हा ४० ते ६९ वयात वरचा आकडा २० ने वाढला की पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त दिसला. त्या हिशेबात ४८ म्हणजे काय, ते काकांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे अभ्यासाच्या लेखी नियमांप्रमाणे, १८० च्या वर गेलेला सहभागी अभ्यासातून बाहेर आणि त्याच दिवशी उपचाराकडे. छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, नजर धूसर होणं, काही नव्हतं. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा सूज नव्हती. म्हणजे तातडीने खाली ओढायचं कारणही नव्हतं. जिभेखाली गोळी फोडून आकडा पाडणं अशा माणसात घातक ठरू शकतं: वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या एकदम पडलेल्या दाबाला रक्तपुरवठा टिकवू शकत नाहीत, आणि बीपी उतरवताना पक्षाघात होतो. दुसरा हात मोजला, उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजलं, तोंडावाटे घ्यायची औषधं सुरू झाली आणि तीन दिवसांनी परत यायचं ठरलं.

काका शर्टाची बाही खाली करत म्हणाले, “म्हणजे मशीन बरोबर होतं?” हो म्हणावं लागलं.

उरलेली दुपार बाकीच्या फॉर्मांत गेली. हवा कितीपर्यंत भरली हे लिहायला रकानाच नव्हता, त्यामुळे आणखी कुणाचं असं झालंय हे कागदावरून कळायचा मार्ग नव्हता. शिवाय निम्म्याहून जास्त आकडे शून्याने संपत होते. दर २ मिलिमीटरला वाचलं तर पाचात एकच शून्यावर संपायला हवा. ते दुखणं निराळं, पण त्याच टेबलावरचं. नाडी बंद होण्याचा आकडा आणि हवा भरल्याचा आकडा असे दोन रकाने वाढवले आणि साठीपुढच्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं ठरवलं.

संशोधनाच्या कागदावर पांढरी शाई चालत नाही. एकच रेष, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही-तारीख. म्हणून तर १९८ दिसला. आता ती रेषही पुसता येत नव्हती. सिस्टरांनी तिच्याशेजारी लिहिलं, ‘आकडा बरोबर होता,’ सही केली आणि तारीख घातली.