पुणे ते एडिसन: तिकिटावर १६ तास, प्रत्यक्षात साडेसत्तावीस

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५०० किमी, नॉनस्टॉप सोळा तास, एवढं बघून मी तिकिटं काढली आणि आईला सांगितलं, अगं रात्री बसायचं, जेवून झोपायचं की सकाळी दादाकडे. आता जाऊन आल्यावर खरा हिशोब सांगते.

पुण्यातून संध्याकाळी ५.३० ला निघालो, घाटात ट्रक बंद पडलेला, टर्मिनल २ ला पोचेपर्यंत १०. फ्लाइट रात्री १.३० ची. न्यूयॉर्कला सकाळी ८ ला उतरलो, म्हणजे घड्याळात फक्त साडेसहा तास गेले, आई तर घड्याळ बंद पडलं समजून हलवूनच बघत होती. मग इमिग्रेशन, बॅगा, दादाची गाडी, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला त्याच्या दारात ११.३०. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ९ वाजलेले. (उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा.)

ती १.३० ची भानगड नीट समजून घ्या. तिकिटावर १४ तारीख असेल तर घरातून १३ ला संध्याकाळी निघायचं. आमच्या चुलतभावाने १४ ला रात्री आरामात जेवून गाडी काढली होती, त्याचं विमान तेव्हा उतरून पण झालेलं.

अंतराचं पण एक आहे. १२,५०० हे गोलावर दोरी ताणून मोजलेलं अंतर, विमान तसं जातंच असं नाही. पाकिस्तानची हद्द एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद, त्यामुळे आमचं अरबी समुद्रावरून, तुर्कस्तान, युरोप करत गेलं. येताना मात्र साडेचौदा तासच लागले, कारण तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे असतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते, जाताना समोरून आडवे येतात आणि येताना मागून ढकलतात. आईला हे समजावलं तर म्हणाली, "म्हणजे येताना उतार आहे म्हण की."

वयस्कर माणूस बरोबर असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. आधी आई "मी काय म्हातारी आहे का" म्हणून रुसली, पण ती लांबलचक लाइन बघून गप्प बसली, आणि व्हीलचेअरमुळे मी पण तिच्याबरोबर पुढे सरकले. सीट खिडकीची नको, चालायच्या वाटेकडची घ्या, दर दोन तासांनी उठवून चालवा. तरी आईचे पाय सुजलेच, उतरताना चपला चढेनात, मोठ्या मापाच्या सँडल हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

खाण्याचं: भाजणी, मेतकूट, चटण्या सगळं चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये जास्त पावडर दिसली की उघडून बघत बसतात. फळं आणि कढीपत्ता नेऊच नका. आईने एवढं सांगून पण रुमालात एक जुडी बांधून घेतली होती, ती मुंबईलाच कचऱ्याच्या डब्यात गेली, पार एडिसनपर्यंत तिचा उद्धार ऐकत होते. बाकी जे खायचं नेताय ते तिकडे कस्टमवाल्यांनी विचारलं की सरळ सांगून टाका, लाडू बघून त्यांनी जाऊ दिलं.

पोचल्यावर पहिले दोन दिवस काही ठरवू नका. पहाटे तीनला आम्ही दोघी टक्क जाग्या, दादाच्या किचनमध्ये आवाज न करता चहा टाकायला गेलो आणि स्मोक अलार्म वाजला. एक्झॉस्ट फॅन आधी लावायचा असतो.