पायऱ्या मोजणाऱ्या आजी

२०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा लंडनला टेट ब्रिटन या आर्ट गॅलरीत हॉलवर ड्युटीला असायचे. काम काय तर दिवसभर उभं राहायचं, लोक विचारतील ते सांगायचं, आणि मेन म्हणजे कुणी वस्तूंना हात लावत नाहीये ना ते बघायचं. त्या वर्षी मधल्या लांबलचक हॉलमधे ह्यू लॉक या शिल्पकाराचं 'द प्रोसेशन' लागलं होतं. मिरवणूकच ती, माणसाएवढाले जवळजवळ दीडशे पुतळे, पुठ्ठा, कापड, मुखवटे, कुणी घोड्यावर, कुणाच्या हातात झेंडा, सगळे एकाच दिशेने निघालेत. लांबून बघितलं की जत्रा वाटते, आपल्या दसऱ्यासारखी. जवळ गेलं की मग कळतं अंगावरच्या कापडावर काय छापलंय ते.

जुनी शेअर सर्टिफिकेटं. बुडालेल्या कंपन्यांचे कागद, ज्यांच्यावर कधीकाळी कुणीतरी पैसे लावले होते आणि ज्यांच्या नफ्यासाठी दुसरंच कुणीतरी राबत होतं. ही बिल्डिंग पण साखरेच्या पैशातली, हेन्री टेट साखर कारखानदार, १८९७ मधे गॅलरी उघडली. त्याने स्वतः गुलाम ठेवले नव्हते, तो १४ वर्षांचा होता तेव्हाच गुलामगिरी बंदीचा कायदा झाला, पण साखरेचा धंदा उभा राहिला तो गुलाम राबायचे त्या उसाच्या मळ्यांवरच. लॉक लहानाचा मोठा झाला दक्षिण अमेरिकेतल्या गयानात, जॉर्जटाउनला, त्यामुळे त्याला हे सांगायला पुस्तक उघडावं लागत नाही.

मला लोक विचारायचे की कपड्यांवर शेअरचे कागद कशाला, तर मी एक हिशोब सांगायचे. गुलामगिरी बंद केली तेव्हा ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, २ कोटी पाउंड, पण ती मालकांना! जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झाला त्या ग्लॅडस्टनचा बाप, त्याला २,५०८ माणसांचे १,०६,७६९ पाउंड मिळाले. भागाकार करा, माणशी साडेबेचाळीस पाउंड. त्या माणसांना काहीच नाही. आणि मग मळ्यावर मजूर पाहिजेत म्हणून याच माणसाने खटपट केली आणि १८३८ मधे भारतातून पहिली दोन जहाजं गयानाला गेली. १९१७ पर्यंत २ लाख ३० हजारांच्या वर माणसं गेली तिकडे. ठरावीक वर्षं मळ्यावर राबायचं असं अ‍ॅग्रीमेंट असायचं, त्याचं लोकांच्या तोंडी गिरमिट झालं ते हेच.

तर त्या दिवशी दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या, सोबत नात, कॉलेजची असेल. बाईंचा चेहरा आपल्याकडचा, इंग्रजी मात्र कॅरिबियन. एका कापडावर जुन्या लाकडी घराचा फोटो छापलेला होता, त्या तिथे थांबल्या आणि बोट पुढे नेलं. मी गेले लगेच, म्हटलं प्लीज हात लावू नका. त्या म्हणाल्या, "हात नाही लावत बेटी, पायऱ्या मोजतेय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, आमच्याकडे घरं खांबांवर असतात, खालची जागा मोकळी, आणि वर जायला बाहेरून जिना. गयानात बहुतेक लोक किनाऱ्यालाच राहतात आणि तो किनारा भरतीच्या पाण्याच्या खाली आहे, समुद्राला भिंत घातलीये, आतलं पाणी सोडायला झडपा, त्यांना तिकडे कोकर म्हणतात. २००५ च्या जानेवारीत पूर आला तेव्हा यांच्या घराचा जिना पाचव्या पायरीपर्यंत पाण्यात होता, कित्येक दिवस. तेव्हापासून कुठलंही घर दिसलं की आधी पायऱ्या मोजल्या जातात. हे सांगताना आवाजात काहीसुद्धा नव्हतं, जसं आपण लाइट जाते म्हणून सांगतो तसं. मला मात्र फार लागलं ते. ज्या मळ्यांसाठी माणसं आणली ते याच सखल पट्ट्यात, आणि आता समुद्र वर येतोय तर आधी बुडणार पण तेच, आणि त्याच समुद्रात २०१५ मधे तेल सापडलंय, म्हणजे परत शेअरचे कागद आलेच.

मग त्या म्हणाल्या, "ही जमीन आमच्या आजीने बघितली ती जहाजातून उतरल्यावर." आजी! शब्द अगदी हाच. भोजपुरीत पण बापाच्या आईला आजीच म्हणतात, मला माहीतच नव्हतं, मी तीनदा विचारलं असेल. नातीने मोबाइलवर त्या जहाजातून आलेल्या आजींच्या पासचा, म्हणजे मजूर म्हणून जाताना मिळालेल्या कागदाचा, फोटो काढून दाखवला. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, आणि शेवटी शरीरावरची खूण, डाव्या नडगीवर व्रण. माणूस हरवला तर ओळखायला. मी तो फोटो मोठा करून करून वाचत होते, सुपरवायझर समोरून गेला तरी मी हलले नाही.

त्यांनी विचारलं, तुझी आजी कोण होती. म्हटलं आम्ही केज तालुक्यातले, बीडकडचे, माझी आजी ऊस तोडायची, दिवाळी झाली की गाव रिकामं, उसाच्या फडावर कोपी, म्हणजे झोपडी, करून राहायचं. त्या म्हणाल्या, "ऊस? तिकडे पण?" हो म्हटलं, मुकादमाकडून आधीच उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. मग त्यांनी विचारलं, तिचं नाव कुठल्या कागदावर आहे? मी आठवायला लागले. मुकादमाच्या वहीत आजोबांचं नाव असायचं आणि त्यापुढे 'एक कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. आजीचं नाव नव्हतंच.

त्यांना हे नीट समजावं म्हणून मी हाताने कोयता धरून दाखवला, तर त्यांनी मान हलवली, त्यांच्याकडे पण ऊस बहुतेक हातानेच तोडतात. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या नातीला म्हणाल्या, लिहून घे. तिने गॅलरीच्या मॅपच्या मागच्या कोऱ्या बाजूला आधी इंग्रजी अक्षरात 'कोयता' लिहिलं, मग मला आजीचं नाव विचारलं, आणि ते त्याच्या बाजूला लिहिलं.