विंगहॅमच्या चर्चमधले चार काळे बैल

कँटरबरीहून सँडविचला जाणारी बस विंगहॅमला थांबली तेव्हा आम्ही दोघेच उतरलो, मी आणि माझा भाचा. (हो, तेच सँडविच. खाण्याच्या पदार्थाला ज्या उमरावाचे नाव पडले, त्याची पदवी या गावावरून आलेली.) एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरे, आणि वळणावर तांब्याच्या हिरव्या शंकूचा मनोरा असलेले सेंट मेरीचे चर्च. हवेत ओल होती. भाचा कँटरबरीला शिकतो, त्यामुळे त्याला तिची सवय. मी मात्र मफलर गुंडाळून, वही छातीशी धरून चालत होतो. त्या वहीत चार वर्षांची टिपणे होती आणि पहिल्या पानावर एकच नाव होते : हेन्री ऑक्झेंडन.

माझे घर महाडचे. रायगड आमच्या उशाशी. शिवराज्याभिषेकाचे वर्णन आमच्याकडे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते : सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यावर सोन्याची मोठी मत्स्यशिरे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि उंच भाल्याच्या टोकावर लटकवलेला सोन्याचा तराजू. हे ज्याने पाहिले आणि लिहून ठेवले, तो मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन. दरवर्षी जूनमध्ये गडावर त्याच्या नोंदीतली वाक्ये कोणी ना कोणी म्हणतेच. पण हा माणूस होता कोणाचा कोण? एवढ्या लांब का आला? त्याच्या घरी कोण होते? ज्याच्या डोळ्यांनी आपण आपल्या राजाचा राज्याभिषेक पाहतो, त्याचे गाव तरी आपल्याला ठाऊक असावे, असे मला फार वाटू लागले.

शोधाची सुरुवातच चुकली. केंट परगण्यातल्या ऑक्झेंडन घराण्यात हेन्री पोत्याने सापडतात. मी आधी बार्हमच्या हेन्रीमागे लागलो. तो कवी होता, पत्रे लिहिण्याची त्याला भारी हौस, आणि ती पत्रे जपलीही गेली आहेत. सहा महिने मी त्यांत रमलो. मग कळले की हा गृहस्थ १६७० मध्येच वारला. म्हणजे राज्याभिषेकाच्या चार वर्षे आधी! दुसरा हेन्री विंगहॅमजवळच्या डीन गावचा धनी. तो पुढे १६७८ मध्ये बॅरोनेट (पिढीजात चालणाऱ्या ‘सर’ किताबाचा मानकरी) झाला, पण त्याचा संसार, शेतीवाडी सगळे इंग्लंडातच. नावाचे स्पेलिंगही कुठे एक, कुठे दुसरे.

गुंता सुटला तो लंडनला. ब्रिटिश लायब्ररीच्या वाचनकक्षात आत फक्त पेन्सिल नेता येते, पेन बाहेर ठेवावे लागते. जुने बाड स्पंजच्या उशीवर टेकवून देतात आणि पाने हलक्या हाताने उलटायची. सुरतच्या वखारीच्या कागदांवरची शाई तपकिरी झाली आहे. अक्षर सुबक, पण वळणे अशी की पहिल्या दिवशी मला अर्धे पानही लागले नाही. तारखांचा घोळ वेगळाच. त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला पालटायचे, त्यामुळे सुरतच्या पहिल्या स्वारीचा जानेवारी त्यांच्या हिशेबी १६६३ मध्ये पडतो. शिवाय पंचांग जुने, आजच्यापेक्षा दहा दिवस मागे. ६ जून १६७४ ही आपण पाळतो ती तारीख या जुन्या इंग्रजी पंचांगातली आहे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जून येतो. आपली तिथी, शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, तेवढी जागची हलत नाही. हे ताळ्यावर आले आणि सगळे कागद आपापल्या क्रमाने बसले.

आणि मग एक शब्द आडवा आला : ‘नेफ्यू’. इंग्रजीत भावाचा मुलगाही नेफ्यू आणि बहिणीचा मुलगाही नेफ्यू. त्यांना त्यात काही अडत नाही. मला अडले. आपल्याकडे पुतण्या वेगळा आणि भाचा वेगळा, हक्क वेगळे, लाड वेगळे, लग्नात उभे राहण्याची जागासुद्धा वेगळी. म्हणून मी वहीत वंशावळ मराठी नात्यांनी मांडली. डीनचे सर जेम्स ऑक्झेंडन. त्यांच्या मुलांपैकी हेन्री (तोच बॅरोनेट), जॉर्ज आणि ख्रिस्तोफर, आणि मुलगी अ‍ॅन. जॉर्ज आणि ख्रिस्तोफर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सुरतेला आले. अ‍ॅन ईस्ट लँग्डनच्या मास्टर घराण्यात दिली. तिचा मुलगा स्ट्रेनशॅम मास्टर हा जॉर्जचा भाचा, आणि बॅरोनेट भावाचा मुलगा हेन्री हा जॉर्जचा पुतण्या. रायगडावर आला तो हाच हेन्री. त्या संध्याकाळी मी भाच्याला फोन केला आणि म्हटले, “सापडला रे! पुतण्या निघाला.” त्याला काही कळले नाही, पण त्याने विंगहॅमच्या बसची वेळ बघून ठेवली.

तर आम्ही चर्चचे जड दार ढकलले. आत कोणी नव्हते. पहिली नजर गेली ती खांबांवर. एवढ्या मोठ्या दगडी इमारतीचे खांब लाकडी! असे सांगतात की सोळाव्या शतकात चर्चच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमली होती आणि कँटरबरीच्या एका दारू गाळणाऱ्याने ती गिळली. दगडाला पैसे उरले नाहीत, म्हणून लाकडावर भागवले. चारशे-साडेचारशे वर्षे ते लाकूड छप्पर तोलून उभे आहे. मला आमच्या बाजूच्या देवळांतले सागवानी खांब आठवले. जॉर्जचा बाप्तिस्मा १६२० मध्ये याच चर्चमध्ये झाला. म्हणजे हे खांब त्याने लहानपणी पाहिले असणार, एखाद्याला हात लावून पळालाही असणार.

ऑक्झेंडनांचे स्मारक दक्षिणेकडच्या दालनात आहे, १६८२ चे. मधोमध संगमरवरी सुळका, त्यावर फळाफुलांच्या माळा इतक्या भरगच्च कोरलेल्या की एकेक पाकळी मोजावी. खाली गुबगुबीत बाळे. आणि चार कोपऱ्यांवर काळ्या दगडातली बैलांची चार डोकी. घराण्याच्या नावातच बैल आहे, तोच त्यांच्या ढालीवरही. मी एका डोक्याजवळ वाकलो. कपाळावरचे कुरळे केस, फुगलेल्या नाकपुड्या, डोळ्याखालची सुरकुती, सगळे इतके जिवंत की पोळ्याच्या दिवशी गोठ्यात वाकून पाहावे तसे वाटले. नाकाडावरचा दगड बोट फिरवण्याइतका गुळगुळीत होता. मी बोट फिरवले. थंडगार लागला. भाचा म्हणाला, “मामा, फोटो काढू?” मी म्हटले, थांब जरा.

कारण याच दालनात उभे राहून मला ती दहा वर्षे एका रेषेत दिसली. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला, शहर उघडे पडले. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता सर जॉर्ज ऑक्झेंडन. त्याने माणसे जमवली, ढोल आणि तुताऱ्या वाजवत त्यांना शहरातून फिरवले आणि वखार राखली. कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले आणि औरंगजेबाने इंग्रजांना वर्षभराची जकात माफ केली. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर आले. या वेळी सुवाळी बंदरातून खलाशी घेऊन वखार राखायला आला तो जॉर्जचा भाचा, स्ट्रेनशॅम. आणि १६७४ मध्ये त्याच महाराजांपुढे नजराणा घेऊन उभा राहिला जॉर्जचा पुतण्या, हेन्री. दोनदा ज्या घराण्याने महाराजांच्या फौजेपुढे दार लावून घेतले, त्याच घराण्याचा तिसरा माणूस तहाचा मसुदा घेऊन रायगड चढला. इतिहासाच्या पुस्तकांत ही तिन्ही नावे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून नाते कधी लक्षात येत नाही. मला ते मोलाचे वाटते. राज्याभिषेकाचे वर्णन करणारा हेन्री कोणी तिऱ्हाईत पाहुणा नव्हता. महाराज कोण आहेत हे त्याच्या घरात दहा वर्षे माहीत होते, आणि तरीही त्याने लिहिताना हात आखडला नाही. वैभव दिसले ते वैभव म्हणूनच लिहिले.

डीन गाव विंगहॅमपासून अगदी जवळ, पण ऑक्झेंडनांचा जुना वाडा आता उरलेला नाही. शेते पाहिली आणि परतलो.

मुंबईत उतरल्यावर पंधरा दिवसांत सुरत गाठली. कतारगाम दरवाजाजवळ जुन्या दफनभूमी आहेत. रिक्षावाल्याने आधी डचांच्या दफनभूमीत नेऊन सोडले. तिथे मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ करणारा व्हान ऱ्हीड निजला आहे, त्याला नमस्कार करून पुढे निघालो. इंग्रजांच्या फाटकाला कुलूप होते. रखवालदार जेवायला गेला होता. तो आला, त्याने फाटक उघडले आणि सहज विचारले, “तमारा कोण थाय?” तुमचे कोण लागतात? मी रायगडाचे नाव सांगितले. तो थोडा गप्प राहिला आणि म्हणाला, त्या वेळी आमचे शहर जळाले होते. बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण गोष्ट त्याच्या गावची होती. मी मान हलवली. त्याचे खरेच होते.

ऑक्झेंडन बंधूंचा मकबरा साधारण ४० फूट उंच आहे. मकबराच म्हणायला हवा, कारण जाडजूड गोल खांब, कमानी, वर घुमट, सगळा थाट मोगल अमीराचा. धाकटा ख्रिस्तोफर एप्रिल १६५९ मध्ये गेला. जॉर्ज १४ जुलै १६६९ रोजी. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिले होते आणि जॉर्ज त्या बेटाचा कंपनीतर्फे पहिला गव्हर्नर झाला होता. ख्रिस्तोफरचा मृत्युलेख लॅटिनमध्ये आहे आणि त्याची भाषा सगळी खतावणीची. याच्या हिशेबात वर्षे नव्हती, दिवसच होते. मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मालकहो, तुमचा चाकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा प्राण गेला, पण जमेच्या बाजूला तो लिहू शकतो की मरण हाच माझा लाभ. मी अर्थ आधीच उतरवून नेला होता. तिथे उभ्याने मोठ्याने वाचला. रखवालदारही ऐकत राहिला. विंगहॅमच्या लाकडी खांबांभोवती खेळलेली दोन भावंडे तापीच्या काठी अशी शेजारी शेजारी पडली आहेत. आईला बातमी किती महिन्यांनी कळली असेल? जहाजाला सहा-आठ महिने सहज लागत.

यंदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला भाचा सुट्टीवर आला होता. त्याला घेऊन गड चढलो. गडाच्या पायथ्याच्या पाचाडला थांबून त्याला सांगितले की हेन्री, त्याचे दोन सोबती आणि दुभाषा नारायण शेणवी इथेच थांबले होते, कारण महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते. इथे महाराजांचे अधिकारी निराजी पंडित यांनी त्यांची सोय पाहिली. या इंग्रजांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक पुढे मुद्दाम गड चढून आला होता, कारण एवढे मांस खाणारी माणसे एकदा डोळ्यांनी पाहायची होती! भाचा हसत सुटला.

नगारखान्यापाशी आम्ही टेकलो. राज्याभिषेकाच्या दिवशी हेन्री बाहेर पडला तेव्हा दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान हत्ती आणि शृंगारलेले दोन देखणे घोडे उभे होते. इतक्या अवघड वाटेने ही जनावरे वर आणली कशी, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले, आणि तेही त्याने लिहून ठेवले. भाच्याने तोच प्रश्न विचारला. माझ्या आजीने मला जे सांगितले होते ते मी त्याला सांगितले : पिल्ले असतानाच वर आणली आणि गडावरच वाढवली. हेन्रीच्या नोंदीत ‘लहान हत्ती’ असेच शब्द आहेत.