औषध सोडलेल्यांचे वजन

हार्मोनचे विकार, मधुमेह आणि लठ्ठपणा यांवरील औषधांच्या चाचण्यांत समन्वयक म्हणून काम करताना परत आलेल्या औषधांची मोजणी हे मला नेहमीच सर्वांत शांत काम वाटत आले आहे. सहभागी व्यक्ती दर भेटीला वापरलेली आणि उरलेली इंजेक्शनची पेने पिशवीतून परत आणते. मी ती टेबलावर ओळीने मांडते, लेबलावरचे क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहते आणि किती डोस चुकले ते लिहून ठेवते. एकदा अशाच एका पिशवीतून चार पेने निघाली आणि चारही पेनांचे सील जसेच्या तसे होते. मी काही विचारण्याआधीच समोरच्या बाई म्हणाल्या, "ताई, दोन महिने झाले सोडून. मळमळ सहनच होईना. आज फक्त ही परत करायला आले, म्हणजे तुमचा हिशेब पुरा होईल."

हिशेब पुरा होणार नव्हता, पण ते त्यांना त्या क्षणी कसे सांगावे हे मला सुचेना. औषध सोडणे आणि अभ्यास सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब संमतीपत्रात लिहिलेली असते. मात्र वीस-बावीस पानांच्या त्या कागदात ती अशा जागी असते, की वाचणाऱ्याच्या ती लक्षात राहिलीच तर नवल. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार मात्र सर्वांच्या पक्का लक्षात राहतो आणि राहायलाच हवा. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून संशोधनातील संमती केव्हाही मागे घेण्याची मुभा लेखी स्वरूपात मान्य झालेली आहे. अडचण इतकीच, की औषध बंद केलेल्या बहुतेकांना आपला अभ्यासाशी असलेला संबंधही संपला असे वाटते आणि ते संकोचाने फोन उचलेनासे होतात. आमच्या बोलीत अशा माणसाला 'लॉस्ट' म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही, कारण हरवलेला असतो तो आमचा आकडा. माणूस आपल्या घरी व्यवस्थित असतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, हे लठ्ठपणाच्या चाचण्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. खरे औषध कोणाला आणि प्लासिबो, म्हणजे तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य, कोणाला हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले जाते, म्हणून आरंभी दोन्ही गट सारखे असतात. पण पुढे कोण गळणार हे चिठ्ठी ठरवत नाही. प्लासिबो गटात ज्यांचे वजन हलत नाही ते कंटाळून जातात, औषध गटात ज्यांना उलट्या होतात ते जातात, आणि वर्षअखेरीस जे उरतात ते दोन्ही बाजूंचे निवडक लोक असतात. त्यांचीच तुलना केली तर चिठ्ठी टाकून जे कमावले ते सगळे गमावल्यासारखे होते. म्हणून ज्याला जो गट मिळाला त्याच गटात त्याची शेवटपर्यंत गणना करायची, मग त्याने औषध घेतलेले असो वा नसो, असा नियम आहे. नियम पाळायचा तर त्या माणसाचे शेवटचे वजन हाती लागायला हवे.

ते हाती लागत नसे तेव्हा काय होई, याचे उदाहरण म्हणून मी रिमोनाबंट या वजन कमी करण्याच्या औषधाच्या उत्तर अमेरिकेतील चाचणीचा उल्लेख नेहमी करते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३,०४५ जण होते आणि पहिले वर्ष पूर्ण करणारे जेमतेम निम्मे. उरलेल्या निम्म्यांचे काय? त्या काळची रूढ पद्धत अशी, की माणसाचे शेवटचे नोंदवलेले वजन वर्षअखेरीपर्यंत तसेच पुढे ओढायचे. वरवर ही पद्धत निरुपद्रवी वाटते. पण वजन पहिल्या काही महिन्यांत उतरते आणि प्रयत्न थांबले की पुन्हा चढते, हे ज्याने स्वतःच्या शरीरावर अनुभवले आहे त्याला यातली चूक लगेच कळेल. पाचव्या महिन्यात सर्वांत कमी वजनावर असताना निघून गेलेला माणूस कागदावर वर्षभर तेवढाच हलका राहतो. या औषधाची युरोपातील विक्री २००८ मध्ये मानसिक दुष्परिणामांमुळे थांबवण्यात आली, तो विषय निराळा.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. सेमाग्लुटाइड या वजन कमी करण्याच्या इंजेक्शनच्या २०२१ मधील मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते आणि ६८ आठवड्यांच्या शेवटी त्यांपैकी ९१ टक्क्यांहून अधिक जणांचे वजन प्रत्यक्ष मोजले गेले होते, औषध नियमित घेणारे मात्र ८१ टक्के होते. या दोन आकड्यांमधले जे लोक आहेत, म्हणजे औषध धड न घेताही वजन द्यायला आलेले, त्यांच्यामुळे या चाचणीला दोन उत्तरे देता आली. औषध गटातील सर्वांना धरून सरासरी घट १४.९ टक्के, त्या सगळ्यांनी औषध चालू ठेवले असते तर किती, याचा अंदाज १६.९ टक्के. प्लासिबो गटात ती २.४ टक्के होती. जाहिरातदाराला दुसरा आकडा आवडेल. माझ्या मते रुग्णाला पहिलाच सांगायला हवा, कारण मळमळ, कंटाळा, खर्च आणि प्रवास हे सगळे त्यात सामावलेले आहे. याच चाचणीतील ३२७ जणांचा औषध थांबवल्यानंतरही वर्षभर पाठपुरावा झाला आणि उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत चढल्याचे दिसले. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार मानावा की नाही, या वादात हा पुरावा आता सर्रास पुढे केला जातो, आणि तो दिला आहे औषध बंद असलेल्या माणसांनी.

मधुमेहाच्या बाबतीत तर ही गोष्ट मला अधिकच थक्क करते. टाइप १ मधुमेहावरील 'डीसीसीटी' या अभ्यासात १,४४१ जण होते. त्यांतल्या अर्ध्यांना दिवसातून किमान तीन इंजेक्शने किंवा पंप आणि बोटाला वारंवार टोचून शुगर तपासणे, असा कडक उपचार होता. सरासरी साडेसहा वर्षे हे चालले आणि ९९ टक्के लोक शेवटपर्यंत टिकले. १९९३ मध्ये निष्कर्ष आले: कडक गटाचे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे रक्तातले प्रमाण, सुमारे ७ टक्के, नेहमीच्या गटाचे सुमारे ९ टक्के, आणि आरंभी डोळे निरोगी असलेल्यांत पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी. नंतर सर्वांनाच कडक उपचार शिकवण्यात आला. हळूहळू दोन्ही गटांचे एचबीएवनसी ८ टक्क्यांच्या आसपास येऊन एकसारखे झाले. तुलना करण्यासारखा फरकच उरला नव्हता. तरीही बहुसंख्य लोक तपासणीला येत राहिले, आणि २००५ मध्ये असे दिसले की पूर्वी कडक गटात असलेल्यांना हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. साखरेवरचे जुने नियंत्रण शरीर वर्षानुवर्षे लक्षात ठेवते, हे ज्ञान अशा लोकांमुळे मिळाले.

दुर्मीळ हार्मोन विकारांत गळतीचा हिशेब आणखी कठोर होतो. शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन प्रमाणाबाहेर वाढते त्या कुशिंग आजारावरील ओसिलोड्रोस्टॅट या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत अवघे १३७ रुग्ण होते. तिथे पाच जण न येणे म्हणजे मोठे भगदाड. शिवाय कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्री अत्यल्प असते, त्यामुळे माणूस आला पण चुकीच्या वेळी आला, तर तो न आल्यासारखाच. कॉर्टिसॉल तयार करण्याचा इशारा देणाऱ्या एसीटीएच या हार्मोनच्या तपासणीची रक्ताची नळी बर्फात ठेवून धावत प्रयोगशाळेकडे नेताना मी अनेकदा मनात मिनिटे मोजली आहेत.

माणसे टिकवण्याची युक्ती कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये सापडत नाही. अमुक तारखेला वजन द्यायला यालच ना, असे मी फोनवर विचारत नाही. आधी मळमळ थांबली का ते विचारते आणि उत्तर खरोखर ऐकते. रागावलेला सूर लागला की माणूस गेलाच. लठ्ठ व्यक्तींना तराजूवर उभे राहताना आयुष्यभर इतके ऐकावे लागलेले असते, की आमचा तराजू भिंतीकडे तोंड करून, आकडा फक्त मला दिसेल असा ठेवलेला आहे. पुष्कळांना आग्रहाने बोलावण्यात जबरदस्ती होते का, हा प्रश्न मला पडतो आणि तो पडत राहणेच बरे. तीन फोननंतर मी चौथा करत नाही.

त्या बाईंना मी त्या दिवशी एवढेच सांगितले, की औषध बंदच राहू द्या, पण शेवटच्या भेटीला वजन द्यायला आलात तर तुमच्यासारख्या, म्हणजे ज्यांना हे औषध सोसले नाही अशा लोकांची बाजू अहवालात येईल. त्यांनी मान डोलावली. मला फारशी आशा नव्हती. पुढे दोन फोन उचलले गेले नाहीत. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "वजन वाढलंय माझं, कशाला यायचं?" मी म्हटले, वाढलेलेच हवे आहे. ठरल्या दिवशी सकाळी त्या उपाशीपोटी आल्या, चपला काढल्या, हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तराजूवर उभ्या राहिल्या. सुरुवातीपेक्षा वजन १.२ किलो जास्त भरले. मी आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि खाली सही केली.